हळदीच्या खुणेपासून चार बोटं

एक अख्खा उन्हाळा आमची मुलगी पळत होती, उड्या मारत होती, घाम गाळत होती, आणि शेवटी तिची उडी वाढली की नाही हे मला आजही कुणाला धडपणे सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, यात न सांगता येण्यासारखं काय आहे, उडी एकतर वाढते नाहीतर वाढत नाही. मलाही तसंच वाटायचं. म्हणून पहिल्यापासून सांगते, बघा तुम्हाला काही उलगडतंय का.

तेव्हा आम्ही जयपूरला होतो. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. ह्यांची नोकरी विम्याच्या कचेरीत, म्हणजे तीन-चार वर्षं झाली की बदली ठरलेली. साताऱ्याहून निघालेलं आमचं बिऱ्हाड भोपाळ, अहमदाबाद असं करत करत आदर्श नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर येऊन टेकलं होतं. खाली घरमालकीण एकटी राहायची. फाळणीत तिकडून आलेली पंजाबी बाई, सगळी गल्ली तिला बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही बीजी. तोंडाने फटकळ, पण ताकाचा मोठा पेला रोज वर पाठवल्याशिवाय तिला चैन नसे. ती त्याला लस्सी म्हणायची. मी ताकच म्हणायची.

बदलीच्या घरातली मुलं फार लवकर शहाणी होतात आणि मला काही ते आवडत नाही. अहमदाबाद सोडताना आमची मुलगी रडलीसुद्धा नाही. आपली वह्या-पुस्तकं स्वतः बांधली आणि विचारलं, "तिकडे किती वर्षं?" जयपूरच्या शाळेत पहिले काही महिने तिने कुणाशी मैत्री केली नाही. म्हणायची, कशाला, परत सोडायचंच आहे. मग त्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर कुणीतरी तिच्याकडे बास्केटबॉल फेकला आणि तिने तो झेलला. कसा काय, कुणास ठाऊक. आमच्या घराण्यात कुणी लगोरीपलीकडे गेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात 'आमची टीम, आमची टीम' सुरू झालं, आणि ते 'आमची' ऐकून मला इतकं बरं वाटायचं की खेळातलं काही कळलं नाही तरी मी मान डोलवायची.

एवढं मात्र मला तिने समजावून दिलं होतं की प्रत्येकीची जागा वेगळी असते. काही उंच मुली बास्केटखाली उभ्या राहतात, उडून चेंडू ओढतात. आणि एकजण आपल्या टोकापासून त्यांच्या टोकापर्यंत चेंडू आपटत आपटत घेऊन जाते, कुणाला द्यायचा ते ठरवते. आमची ती चेंडू नेणारी. त्या उंच मुलींपेक्षा लहानखुरी, त्यांच्या कोपरांखालून निघून जायची. ते करताना तिचा चेहरा असा असायचा, की घरी मी तो कधी पाहिला नव्हता.

तर सामन्यांचा हंगाम थंडीतला. तो संपला आणि मार्चमध्ये कोचसाहेबांनी सगळ्या मुलींची परीक्षा घेतली. हे कोचसाहेब फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवाले ब्रेक लावायचे. जुलैत राज्याच्या ज्युनिअर मुलींचं शिबिर होतं आणि त्यात कोण जाणार ते बरंचसं यांच्या हातात. मी डबा द्यायला गेले होते, ती तिथेच बसून राहिले. मला वाटलं, खेळाची परीक्षा म्हणजे मुली खेळतील आणि हे मार्क देतील. चेंडू तर कुणी हातातही घेतला नाही. मुली दोन रेघांच्या मध्ये इकडून तिकडे पळून लाकडाचे ठोकळे उचलत होत्या. आडव्या पडून उठत होत्या, परत पडत होत्या. मैदानाला चकरा मारून धापा टाकत होत्या. आणि शेवटी भिंतीपाशी उडी.

ही उडीची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आधी भिंतीशी सरळ उभं राहायचं, टाचा जमिनीला, एक हात ताठ वर. बोट जिथे लागेल तिथे एक खूण. मग जागच्या जागी उडी मारून बोट जिथे लागेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये जेवढं अंतर, तेवढी तुमची उडी.

आमचीची उडी सगळ्यांत कमी निघाली. पळण्यातही दम कमी पडला. कोचसाहेबांनी मला बोलावलं.

"बहनजी, हाथों में तो कमाल है इसके. टाँगों में कुछ नहीं. गर्मियों में काम करे. जुलाई में फिर देखूँगा. दम चाहिए, और उडी में चार अंगुल ज़्यादा. तब शिविर. नहीं तो अगले साल सही."

'उडी' नाही म्हणाले, 'कूद' म्हणाले असतील. मी माझ्या भाषेत ऐकलं. पण 'अगले साल' मात्र नीट ऐकू आलं. पुढचं वर्ष त्यांच्यासाठी पुढचं वर्ष होतं. आमच्यासाठी ते कोणत्या गावात असेल ते कुणाला माहीत. जयपूरला येऊन तेव्हा आम्हाला तीन वर्षं होत आली होती.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे आधी चहा प्यायले, मग म्हणाले, "चार बोटं ना? त्यात काय आहे. रोज थोडं थोडं केलं की होतंय."

"काय करायचं पण?" मी विचारलं.

"ते कोच सांगतील ना."

कोचसाहेबांनी तोंडी सांगितलं ते असं. एप्रिलभर नुसतं हळू पळायचं, वाळूत. मेमध्ये जिने चढायचे आणि दोरीच्या उड्या. जूनमध्ये जोरात पळायचं, जोरात उड्या मारायच्या, पण थोडंच. आणि रविवारी काही करायचं नाही. मला इथेच पहिला गोंधळ वाटला. वेगात पळायला शिकायचं तर हळू कशाला पळायचं? आणि दमायचं नाही असं सांगणारा मास्तर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

सुरुवात पाडव्याला करायची हे माझं. चांगलं काम आहे, चांगल्या दिवशी सुरू होऊ दे. दरवर्षी मी छतावर गुढी उभारायची आणि दरवर्षी बीजी खालून विचारायची, "पुत्तर, ये लोटा उल्टा क्यूँ टाँगा है, इसमें पानी कैसे भरेगा?" आणि दरवर्षी मी सांगायची की त्यात पाणी भरायचं नसतं, आणि ती दरवर्षी "अच्छा अच्छा" म्हणून कडुलिंबाची पानं चावत उभी राहायची. त्या वर्षी गुढीची पूजा झाल्यावर आम्ही मुलीला छतावरच्या खोलीच्या भिंतीशी उभं केलं. तिकडे त्या खोलीला बरसाती म्हणतात, भिंत नुकतीच चुना दिलेली, पांढरीशुभ्र. मुलीने हात वर केला. कोळसा आणायला हे खाली निघाले होते, मी म्हटलं, पहिली खूण कोळशाची नको, आज पाडवा आहे. पूजेच्या ताटातली ओली हळद तिच्या बोटाला लावली. तिने बोट टेकवलं. मी स्टुलावर चढून त्यावर कुंकू वाहिलं, दोन अक्षता चिकटवल्या. उभं राहण्याची खूण झाली. मग तिने उडी मारली, ती खूण कोळशाची. दोन्हींच्या मधे ह्यांनी बोटं धरून मोजली आणि त्याच्यावर चार बोटं सोडून एक बारीक रेघ ओढली. जुलैपर्यंत तिथे पोचायचं.

बीजीला भिंतीत खिळा ठोकलेला खपत नसे. दुसऱ्या दिवशी ती वर आली, मला वाटलं आता बोलणी खातेय. ती त्या हळदीच्या ठिपक्याकडे बघत राहिली, मग डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि हात जोडले. "किस देवता का है?" मी सांगायला तोंड उघडलं, पण उडीचं काय सांगू आणि कसं सांगू. "हमारे नए साल का है," एवढंच म्हटलं. त्यानंतर मे महिन्यात चुनेवाला बाकीच्या छताची डागडुजी करायला आला तेव्हा तिने त्याला तो कोपरा सोडायला लावला, मी घरात नसताना. अशी ती खूण राहिली.

आता पळणं. तेव्हा वैशाली नगर म्हणजे आजच्यासारखं नव्हतं. आखलेले प्लॉट, विटांचे ढीग, बाभळी आणि वाळू. पहाटे उन्हं चढायच्या आत आम्ही तिघं एका स्कूटरवर तिकडे जायचो. मुलगी मधे, मी मागे, मांडीवर पाण्याची सुरई. तिथे मी विटांच्या ढिगावर बसायची, हे मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून उभे राहायचे आणि मुलगी वाळूत पळायची. पाय रुतायचे, ती हळू पळायची. ते हळू बरोबर की चूक तेच आम्हाला कळायचं नाही.

"अगं, आज कालपेक्षा हळू आली," हे म्हणायचे.

"मग चांगलं की वाईट?"

"ते मला काय विचारतेस? हळू पळायचं म्हणालेत ना ते."

"मग चांगलं."

"पण फारच हळू आली."

असा आमचा संवाद. मुलगी वाकून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत हसायची. "बाबा, तुम्ही घड्याळ बघू नका. माझा श्वास बघायचा आहे. पळता पळता मला बोलता आलं पाहिजे, कोच म्हणाले."

"मग बोल की," हे म्हणाले. तेव्हापासून ती पळताना पाढे म्हणायची. एकोणतिसाचा पाढा वाळूतून येताना ऐकला की मी समजायची, दम वाढतोय.

मेमध्ये गरम वारा सुटला. लू म्हणतात त्याला, बाहेर पडलं की चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखं. दुपारभर खिडक्यांना ओले पडदे, आणि संध्याकाळी मुलगी बीजीच्या जिन्यावर चढ-उतार करायची. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. ती सगळ्याच गोष्टींत मागे पडायला लागली. पळायला जड, दोरीत पाय अडकायचा, भिंतीवरचा कोळसा वर जायचा सोडून तिथेच घुटमळायला लागला. घरात तर विचारू नका. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायची, पाण्याचा तांब्या सांडायची, शिंकाळ्यातलं दूध एकदा डोक्याने उडवलं. चेंडू असा हाताशी बोलायचा तिचा, तोही पायावर आपटून लांब जायला लागला. बीजी म्हणाली नजर लागली. हे म्हणाले खाणं कमी पडतंय. मी हरभरे भिजत घातले, नाचणीची पेज केली, बीजीने तुपाची वाटी पाठवली. काही फरक नाही.

शेवटी मी कोचसाहेबांकडे गेले. ते शाळेच्या मैदानाला पाणी मारून घेत होते. सगळं ऐकून खूश झाले.

"बढ़िया. थकान बैठ रही है. बैठने दो."

"पण ती मागे चाललीये," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

"आगे जाने से पहले पीछे ही जाते हैं, बहनजी."

आता हे ऐकून माणसाने घरी जाऊन काय करावं? मी घरी आले आणि ह्यांना सांगितलं की मुलगी मागे गेली हे फार छान झालं. ह्यांनी माझ्याकडे बघून वर्तमानपत्र परत वर केलं.

जूनमध्ये मात्र कोळसा वर सरकायला लागला. एका बोटाने, मग अजून थोडा. प्रत्येक रविवारी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, संध्याकाळी भिंतीशी उडी. हे स्टुलावर चढून हळदीपासून मोजायचे. त्याच महिन्यात मी तिच्या सलवारींची पट्टी उसवून पाय लांब केले, दुसऱ्यांदा. शाळेच्या सलवारी होत्या, वर्षभर चालतील म्हणून मीच आत कापड ठेवलेलं. टाचणी तोंडात धरून मी तिच्या पायाशी बसलेली, आणि ती उभी, "आई लवकर, आज मोजायचंय ना." दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी, एकाच मुलीच्या. पण माझ्या डोक्यात सलवार सलवारीच्या जागी आणि उडी उडीच्या जागी.

एकदा तीच म्हणाली, "आई, मी नुसती उभी राहिले तरी बोट हळदीच्या वर जातंय."

मी वाळवणं उचलत होते. म्हटलं, "टाचा उचलल्या असशील."

"नाही उचलल्या."

"मग भिंत खाली गेली असेल." आम्ही दोघी हसलो. आणि खरं सांगायचं तर ती खूण परत घ्यावी असं हिच्या, माझ्या, ह्यांच्या, कुणाच्याच मनात आलं नाही. पाडव्याची खूण ती. एकदा मांडलेली, कुंकू वाहिलेली. तिच्यापासून मोजायचं, तिलाच कशी हलवायची?

जुलैच्या सुरुवातीला कोळशाने ती बारीक रेघ ओलांडली. चार बोटं पूर्ण, वर अर्धं. ह्यांनी पेढे आणले नाहीत, म्हणाले निकाल लागू दे. पण त्या रात्री जेवताना सारखे मिशीत हसत होते.

परीक्षेच्या सकाळी आम्ही तिघंही गेलो. मैदानाच्या चकरांत दमाने आमचीने सगळ्यांना मागे टाकलं. ठोकळे उचलण्याच्या वेगात तिसरी आली. तोंडाने पाढे चालू होते की काय, ओठ हलत होते. मग भिंत. कोचसाहेबांनी उभं राहून हात वर करायला लावला, खडूची खूण केली. उडी मारायला लावली, खडूची खूण केली. टेप लावली. परत लावली.

"मार्च से कितना ज़्यादा?" ह्यांनी लांबूनच विचारलं.

"दो अंगुल. मुश्किल से."

हे पुढे झाले. "साहब, घर पे साढ़ेचार है."

"घर पे मेरी दादी भी पहलवान थी." बाकीच्या मुली हसल्या. आमचीने मान खाली घातली. परत उडी, परत टेप. दोन बोटं. कोचसाहेब टेपेकडे बघतात, हे कोचसाहेबांकडे बघतात, मी मुलीकडे. ह्यांचा स्वभाव तसा भिडस्त, कचेरीत कुणाला वर आवाज नाही. पण त्या दिवशी ते म्हणाले, "आप चलिए हमारे घर. दीवार दिखाता हूँ."

आणि कोचसाहेब आले, बरं का. मला वाटलं झिडकारतील. पण त्यांनाही कुठेतरी चैन पडली नसावी. दुपारच्या आत सायकलवरून आमच्या दारात हजर. छतावर चढताना बीजीने जिन्यातच अडवलं.

"जूते उतारो, ऊपर देवता हैं इनके."

फौजी माणूस, त्याने मुकाट्याने बूट काढले. वर आले, भिंत बघितली. कोळशाच्या रेघा एकावर एक, खाली हळदीचा ठिपका, त्यावर सुकलेल्या अक्षता. ह्यांनी कोळशाच्या पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत बोटं धरून मोजून दाखवली. साडेचार.

कोचसाहेब बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत होते. मग मुलीला म्हणाले, "बेटा, यहाँ खड़ी हो. एड़ी नीचे. हाथ ऊपर."

ती उभी राहिली. टाचा जमिनीला. मी वाकून स्वतः बघितल्या. तिचं बोट हळदीच्या ठिपक्याच्या वर गेलं. चांगलं अडीच बोटं वर.

खाली बीजीचा रेडिओ चालू होता.

"ये कब का निशान है?" कोचसाहेबांनी विचारलं.

"नए साल का," बीजीने मागून उत्तर दिलं. ती पण चढून आली होती.

मग मी सांगितलं. गुढी, ताट, हळद, सगळं. माझं हिंदी अडखळलं की मुलगी पुरं करायची. कोचसाहेब खाटेवर बसले, पाणी मागितलं, आणि हसायला लागले, पण फार नाही. "लड़की बढ़ गई, और आप लोग मार्च वाली लड़की से नापते रहे."

"म्हणजे उडी वाढली नाही?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"बढ़ी. दो अंगुल. चार नहीं बढ़ी."

आता हे चिडले. "साहब, मॅच में रिंग को क्या पता ये कहाँ से कूदी? पहले जहाँ हाथ पहुँचता था, उससे साढ़ेचार अंगुल ऊपर पहुँचता है. बात ख़त्म."

"मैं टाँगों का इम्तिहान लेता हूँ, साहब, हड्डियों का नहीं."

दोघांचंही मला पटत होतं. तीच तर पंचाईत. हे बोलले की वाटायचं, बरोबर आहे, हात वर गेला म्हणजे गेला. कोचसाहेब बोलले की वाटायचं, हेही बरोबर, वाढणं काही मेहनत नव्हे, ते तर बाभळीही करतात. आणि मग वाटायचं, पण ती वाढलेली हाडं घेऊनच तर बिचारी वाळूत पळाली, तिला कुणी सांगितलं होतं वाढायला? मेमधलं ते टेबलावर आपटणं, दूध सांडणं, चेंडू पायावर येणं, सगळं मला एकदम आठवलं. हात-पाय रोज नवे मिळत होते तिला आणि ती जुन्याच अंदाजाने चालत होती. मग ते कोचसाहेब ज्याला थकवा म्हणाले, ते काय होतं? की दोन्ही होतं? मी विचारलं नाही. विचारून अजून गुंता वाढला असता.

कोचसाहेबांनी तोंड पुसलं. "दम पूरा है. शिविर में ले जाऊँगा." ह्यांनी श्वास सोडला. "लेकिन गार्ड में नहीं. उसमें मेरी दो लड़कियाँ इससे तेज़ हैं. ये अब बोर्ड के नीचे खेलेगी. इस क़द की मुझे वहाँ चाहिए."

म्हणजे चेंडू नेणारी नाही. बास्केटखाली उभी राहून ओढणारी.

मुलगी म्हणाली, "मुझे बॉल लाना है." एवढंच. आवाज अगदी शांत, अहमदाबाद सोडतानाचा तोच आवाज. मला तो ऐकवेना.

"कल सुबह बता देना," कोचसाहेब म्हणाले आणि बूट घालायला खाली गेले.

संध्याकाळी ती छताच्या कठड्याला टेकून बसली. मी पोळ्या टाकून वर गेले.

"आई, मी पास झाले की नापास?"

"पास. शिबिराला जाणार आहेस ना."

"पण मी जशी आहे तशी नाही घेतलेली."

"तू आहेस तशीच घेतली गं. तू होतीस तशी नाही घेतली." मी बोलून गेले, आणि मग माझं मलाच कळेना की याने तिला बरं वाटावं की वाईट. तिलाही कळलं नसावं. ती माझ्या खांद्याला टेकली, आणि टेकताना तिला थोडं वाकावं लागलं. जिन्यातून बीजीने हाक मारली, "पुत्तर, लड्डू मँगवाऊँ कि लड़की को चुप कराऊँ, एक बात बता दे." मी सांगितलं, जरा थांबा बीजी, आम्हालाच कळलेलं नाही.

हे रात्री म्हणाले, नको वाटत असेल तर नको जाऊ दे. मी म्हटलं, आणि बदली झाली तर? ते म्हणाले, तेही आहे.

सकाळी ती उठली, वेणी घातली, आणि आम्हाला काही न सांगता मैदानाकडे निघाली. मी मागोमाग. कोचसाहेबांनी काही विचारलं नाही, बास्केटखाली बोट दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली. एक उंच मुलगी चेंडू रिंगवर मारायची, तो परत यायचा, आमचीने उडी मारून ओढायचा आणि लगेच दुसरीला द्यायचा, असं काम होतं. पहिले दोन-तीन चेंडू तिच्या हातातून निसटले. मग एक तिने वरच्या वर दोन्ही हातांनी ओढला, कोपरं बाहेर, खाली आली, आणि दुसरीला देण्याऐवजी स्वतःच आपटत आपटत पलीकडच्या टोकाला घेऊन निघाली.

"छोड़. दे दे उसको," कोचसाहेब ओरडले.

तिने दिला नाही. थेट त्या टोकापर्यंत नेला. परत आली, परत उडी मारून ओढला, परत घेऊन निघाली. आता ती कोपरांखालून जात नव्हती, मुलीच तिच्यासाठी बाजूला होत होत्या. तिसऱ्या वेळी कोचसाहेब ओरडले नाहीत. ते पाठमोरे झाले आणि शिट्टी तोंडात धरून उभे राहिले. रागावले होते की हसत होते, मला मागून कळलं नाही.

थोड्या वेळाने माझ्याकडे आले. "बहनजी, इसके जूते छोटे हो रहे हैं. शिविर के लिए नए लेना. ज़रा बड़े."

"मग ती कुठे खेळणार?" मी विचारलं. "नीचे की...?"

"वो वहाँ देखेंगे," ते म्हणाले आणि परत मैदानात गेले.

दुपारी आम्ही दोघी बापू बाजारात गेलो. दुकानदाराने बूट काढायला हात वर केला आणि विचारलं, "नंबर?" मी मुलीकडे बघितलं. मुलीने माझ्याकडे बघितलं.

"भैया, आप ही नाप लीजिए," ती म्हणाली, आणि चप्पल काढून पाय पुढे केला.